पंचविसावा कागद

नकाशेवाल्यांच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस चपला काढायच्या आधीच भिंतीकडे बघत उभा राहायचा. त्याचा तरी काय दोष? दारासमोरची सबंध भिंत रंगीत चौकोनांनी भरलेली. फूटभर लांब, फूटभर रुंद असे कागद, एका ओळीत सात, आणि अशा सात ओळी. एका कागदातली नदी शेजारच्या कागदात शिरायची, तिथून खालच्यात उतरायची, आणि कुठेही केसभरसुद्धा चुकायची नाही. पाहुणा पाच मिनिटं तोंड उघडं टाकून बघायचा आणि मग बरोबर मधोमध बोट रोखून विचारायचा की हा एक राहिला वाटतं.

कारण मधला, म्हणजे पंचविसावा कागद, कोरा होता. बाकीचे अठ्ठेचाळीस रंगांनी नुसते ओसंडत असताना मध्येच हा एक पांढरा चौकोन, पडलेल्या दातासारखा. नकाशेवाले उत्तरासाठी बायकोकडे हात करायचे. बाई हातातलं काम न सोडता म्हणायच्या, "तो शेवटी."

नकाशेवाले हे नाव शेजाऱ्यांनी दिलेलं. सरकारी नकाशा कचेरीत छत्तीस वर्षं त्यांनी मान मोडून नकाशे काढले होते. बाई टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होत्या. डोक्यावर हेडफोन, समोर वायरी खोचायचा बोर्ड, आणि आठ तास कानात परक्या माणसांचे आवाज. कोणी जन्माची बातमी देतोय, कोणी मेल्याची, कोणी नुसताच भांडतोय. लग्नाला पाच वर्षं झाली असतील. एका रविवारी दुपारी बाई कामावरून आल्या, कपाळावर ओला रुमाल ठेवून कॉटवर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या की जिथे एकही माणूस नाही अशा ठिकाणी मला जायचंय. दुसरा एखादा नवरा असता तर त्यानं डोकं तरी चेपून दिलं असतं. नकाशेवाल्यांनी सवयीनं विचारलं, "किती लांब?"

बाईंनी डोळे मिटूनच सांगितलं की या सूर्याच्या हद्दीत तर नाहीच. तिकडे दोन सूर्य आहेत, एक मोठा आणि आळशी, दुसरा लहान आणि सदा घाईत. त्यामुळे प्रत्येक वस्तूला सावल्याही दोन, एक दिवसभर रेंगाळणारी आणि दुसरी तिच्याभोवती पळणारी. नकाशेवाल्यांनी पेन्सिल उचलली. उतार कुठल्या बाजूला? पाणी कुठून येतं? डोंगर किती उंच? बाई वैतागून उत्तरं देत गेल्या, आणि त्या वैतागात डोकं दुखायचं कधी थांबलं ते त्यांनाही कळलं नाही.

त्या जागेला नाव द्यायचं राहूनच गेलं. दोघं नुसतं 'तिकडे' म्हणत. तिकडे पाऊस जमिनीतून निघून वर जायचा. समुद्र आडवा पसरायचा नाही, भिंतीसारखा उभा राहायचा, आणि त्याच्या पोटातले मासे जन्मभर एकाच दिशेनं चढत राहायचे. एक कोसभर लांबीचा प्राणी होता. तो पडून असायचा आणि बाकीची जनावरं त्याच्या पाठीवरून ये-जा करायची. शंभर वर्षांतून एकदा तो कूस बदलायचा, की सगळ्यांचे रस्ते चुकले. झाडं होती, ती उजेडाकडे न वळता आवाजाकडे वळायची. आवाज म्हणजे वाऱ्याचा, नाहीतर दगड गडगडल्याचा. माणसाचा नाही. तिकडे माणूस नाही, हा पहिल्याच रविवारचा कायदा होता. बाई म्हणायच्या, दिवसभर माणसंच भरलेली असतात कानात, तिकडे तरी नकोत.

त्यानंतर दर रविवारी दुपारी हाच उद्योग. बाई डोळे मिटून सांगायच्या, नकाशेवाले खोदून खोदून विचारायचे, पेन्सिलीनं खुणा करायचे, आणि मग आठवडाभर संध्याकाळी शाई आणि रंग भरत बसायचे. स्वतःच्या मनानं त्यांनी एक खडासुद्धा कधी ठेवला नाही. आहे तसं बघणं हे बाईंचं काम, बघितलं तेवढंच काढणं हे यांचं. कचेरीतही तेच होतं. मोजणीदार उन्हातान्हात फिरून मोजून आणायचे आणि हे टेबलाशी बसून ते कागदावर उतरवायचे. जिथे मोजणीदाराचा पाय पडला नाही तिथे कागद पांढरा सोडायचा. पहिल्या दिवशी मोठ्या साहेबांनी एवढंच शिकवलं होतं, की पांढरं सोडायची लाज वाटू द्यायची नाही.

एका सहकाऱ्याला ती वाटली. वरच्या कागदात एक नदी खाली येत होती, खालच्या कागदात एक नदी निघत होती, मधला भाग मोजायचा राहिलेला. आता नदी दुसरीकडे कुठे जाणार, असं म्हणून त्यानं दोन्ही टोकं जोडून टाकली. दोन वर्षांनी मोजणीदार तिथे पोचले तर मध्ये चांगली उंच डोंगराची रांग, आणि दोन्ही नद्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. निवृत्त होईपर्यंत त्या बिचाऱ्याला सगळे नदीवाला म्हणत. त्याला चिडवण्यात नकाशेवाले सगळ्यांच्या पुढे होते.

कागदही कचेरीतलाच. छापखाना बदलला तेव्हा जुन्या जाड कागदाचे तुकडे टाकून द्यायचे होते, ते साहेबांना विचारून यांनी घरी आणले आणि कापले. बरोबर पन्नास चौकोन निघाले. एकोणपन्नास भिंतीसाठी, आणि एकावर रंग घासून बघायचे. तसा कागद पुन्हा कुठेच मिळाला नाही.

अठ्ठेचाळीस कागद पुरे व्हायला एकोणतीस वर्षं गेली. मध्ये मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. दोघं निवृत्त झाली. खालच्या उजव्या कोपऱ्यातला शेवटचा कागद लागला त्या दिवशी नकाशेवाल्यांनी पेन्सिलीला टोक करून विचारलं, "मग, आता मधला?" बाईंनी डोळे मिटले, खूप वेळ मिटूनच ठेवले, आणि म्हणाल्या, "तो शेवटी." आता याहून शेवट तो कुठला, पण नकाशेवाले गप्प बसले. बायकोला हातचं राखून ठेवायची सवय आहे हे त्यांना माहीत होतं, आणि घाई कसली होती?

बाईंचं विसरणं पुढच्याच वर्षी सुरू झालं. आधी गॅस चालू राहायचा. मग चष्मा फ्रीजमध्ये सापडायला लागला. त्यावर दोघं हसलीसुद्धा. मग एकदा त्या भाजी आणायला गेल्या आणि अंधार पडल्यावर पोलिसानं त्यांना घरी आणून सोडलं, तेव्हा हसणं बंद झालं. डॉक्टरांनी समोर कागद ठेवून घड्याळ काढायला सांगितलं. बाईंनी गोल काढला आणि बारा आकडे त्याच्या बाहेर, एका कोपऱ्यात, गर्दी करून उभे केले. डॉक्टर म्हणाले की हे वाढत जाईल. आधी शब्द जातील, मग माणसं.

नकाशेवाल्यांना घोर लागला. तो नुसता बायकोचा नव्हता, उगाच खोटं कशाला बोला. पंचविसावा कागद बाईंच्या डोक्यात होता, आणि डोकं रिकामं होत चाललं होतं. ते शहाण्यासारखे रविवारची वाट बघेनात. सकाळी चहा देताना विचारत, केस विंचरून देताना विचारत, गोळ्या देताना विचारत. अठराव्या कागदातून खाली येणारी नदी मध्ये कुठे जाते? चोविसाव्यातल्या त्या प्राण्याची शेपटी मध्ये किती आत येते? बाई कधी ऐकून घेत, कधी तोंड फिरवत. कधी म्हणत, लाइन बिझी आहे, थोड्या वेळानं करा. हळूहळू त्या नवऱ्याला 'अहो' म्हणायच्या थांबल्या. घरात वावरणारे कोणी एक सभ्य गृहस्थ, असं त्या त्यांच्याशी वागायला लागल्या.

दिवसभरासाठी एक मावशी ठेवल्या होत्या, बाईंचं आंघोळ-जेवण बघायला. पण बाई दोनदा पडल्या, आणि दुसऱ्यांदा त्यांना उचलताना नकाशेवाल्यांच्याच छातीत कळ आली. तेव्हा मुलीनं फोनवर ठरवून टाकलं. तिच्या शहरात एक चांगली संस्था होती, चोवीस तास नर्स असणारी. एक तारखेला ती मोटार घेऊन येणार आणि आईला घेऊन जाणार. नवऱ्यांची सोय तिथे नव्हती. भिंतीचं काय, असं नकाशेवाल्यांनी विचारलं, तर ती म्हणाली की खोलीत एक कपाट आणि एक खिडकी आहे, भिंत अशी उरतच नाही, तुम्ही फोटो काढून द्या.

"आणि तो मधला?" ते म्हणाले. "तो अजून झालेला नाही."

मुलगी वाईट नव्हती, दमलेली होती. "बाबा, तुम्हीच काढून टाका ना काहीतरी," ती म्हणाली. "आईला आता कुठे कळणार आहे?"

नकाशेवाल्यांना राग आला. त्यांनी फोन ठेवून दिला आणि दोन दिवस उचलला नाही. पण सांगून झालेली गोष्ट डोक्यातून थोडीच जाते? तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांचे डोळे सारखे भिंतीकडे जात होते. चारही बाजूंच्या कडा तर हाताशी होत्या. वरून नदी येते. डावीकडून शेपटी येते. उजवीकडे झाडांची एक रांग अगदी कडेपर्यंत आलेली आहे, आणि त्या रांगेचं एक विचित्र होतं. तिकडची सगळी झाडं कुठल्या ना कुठल्या आवाजाकडे कान देऊन वाकलेली. मधल्या कागदाजवळची मात्र सरळ उभी, पानं खाली सोडलेली. काढताना नकाशेवाल्यांनी विचारलंही होतं, ही कुठे वळलेली? बाई म्हणाल्या होत्या, कुठेच नाही. नकाशेवाल्यांनी ते तसंच काढलं आणि विसरून गेले.

चौथ्या दिवशी, बाईंना दुपारची झोप लागल्यावर, त्यांनी पंचविसाव्या कागदाच्या टाचण्या काढल्या.

हात आधी बिचकत होता. नदी आत घेतली, तिचं तळं केलं. तळ्यापर्यंत काही चुकलं असं वाटत नव्हतं. नदी येते पण बाहेर जात नाही, तर तळं असणारच. मग तळ्याला काठ आला. आणि काठ आल्यावर नकाशेवाल्यांच्या हाताला जे झालं ते छत्तीस वर्षांत कधी झालं नव्हतं. तो विचारेनासा झाला. काठावर त्यांनी एक घर काढलं, लहानसं, एका खिडकीचं. घरासमोर दोन खुर्च्या. आणि खुर्च्यांवर दोन माणसं, एक बाई, एक पुरुष, प्रत्येकाला दोन दोन सावल्या. बाई पहिल्या फटक्यात जमली. पुरुष काही केल्या त्यांच्यासारखा दिसेना, म्हणून त्याच्यावरून त्यांनी पुन्हा एकदा काळी शाई फिरवली. तीन दुपारी ते रंगवत होते, आणि खरं सांगायचं तर फार सुखात होते. बायको शेजारच्या खोलीत असताना, तिची गोष्ट तिच्याशिवाय पुरी करण्यात इतकं सुख असावं याची त्यांना मधूनच लाज वाटायची. ती गिळून ते पुन्हा ब्रश बुडवायचे.

शुक्रवारी कागद भिंतीवर लागला. मावशींनी टाळ्या वाजवल्या. "झाला की काका," त्या म्हणाल्या, आणि बाईंना धरून भिंतीपाशी घेऊन आल्या.

बाईंना भिंत अजून आवडायची. नवऱ्याचं नाव गेलं होतं, मुलीचं गेलं होतं, पण भिंतीसमोर उभं केलं की त्यांचं बोट आपोआप वरच्या डाव्या कोपऱ्यात जायचं आणि नदीबरोबर चालायला लागायचं. त्या दिवशीही ते चाललं. उभ्या समुद्रावरून, वर जाणाऱ्या पावसातून, अठराव्या कागदाच्या खालच्या कडेपर्यंत. तिथून ते पंचविसाव्यात उतरलं आणि थांबलं.

"हे कोणी केलं?" बाई म्हणाल्या.

कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज इतका स्वच्छ निघाला होता. "मी काढलं," नकाशेवाले म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. चुकीचा नंबर लागलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशा सौम्यपणे त्यांनी विचारलं, "तिकडे असं आहे म्हणून तुम्हाला कोणी सांगितलं?"



"तिकडे माणसं नसतात," बाई म्हणाल्या. "आणि आमच्या ह्यांना विचारल्याशिवाय इथे कोणी हात लावत नाही. एक रेघ मारायची तर दहा प्रश्न विचारतात ते. आता कचेरीतून आले की काय सांगू मी त्यांना?" आणि त्या भिंतीला कपाळ टेकून रडायला लागल्या. मावशींनी त्यांना कसंबसं आत नेलं.

नकाशेवाले तिथेच खुर्चीवर बसून राहिले. बायको त्यांना विसरली नव्हती. ते प्रश्न, ती कचेरी, ती रेघ, सगळं तिच्यापाशी जिथल्या तिथे होतं. फक्त ज्याच्याबद्दल ती बोलत होती तो माणूस कुठेतरी बाहेर गेलेला होता, आणि घरात बसलेला हा कोणीतरी भलताच होता. त्या भलत्यानं येऊन चित्र बिघडवलं होतं. आयुष्यभर नदीवाल्याला हसलो, आणि नदीवाला निघालो आपण, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची शरम वाटली.

मावशी बाहेर आल्या त्या पदरानं हात पुसत. थोडं घुटमळून म्हणाल्या, "काका, रोज साडेपाचला त्या दाराकडे तोंड करून बसतात. तुम्ही आत असता ना. त्या बाहेरून येणाऱ्याची वाट बघतात."

दुसऱ्या दिवशी नकाशेवाल्यांनी माळ्यावरून कचेरीची जुनी बॅग काढली. पांढरा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं, बोटांना थोडी शाईही लावून घेतली. पाच वाजता ते बाहेर पडले, कोपऱ्यावरच्या बाकावर बसून राहिले आणि साडेपाचला जिना चढायला लागले. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं विचारलं की या वयात बॅग घेऊन स्वारी कुठे. "कामावरून येतोय," नकाशेवाले म्हणाले. शेजाऱ्यानं त्यांच्याकडे असं बघितलं, की आता हेही गेले कामातून.

दार उघडं होतं. बाई खुर्चीत बसल्या होत्या.

"अहो, आलात?" त्या म्हणाल्या.

गेलं वर्षभर नकाशेवाले या एका शब्दावाचून राहिले होते, आणि किती वाईट राहिले होते हे त्यांना तेव्हा कळलं. बाईंनी लगेच गाऱ्हाणं सुरू केलं. कोणी एक म्हातारे गृहस्थ येतात, दिवसभर इथेच असतात, स्वभावानं वाईट नाहीत, पण त्यांनी बघा काय करून ठेवलंय. त्यांना रागावू नका, एकटे असावेत बिचारे. नकाशेवाले बॅग हातात धरून उभेच राहिले. बसलो तर हे सगळं संपेल अशी त्यांना भीती वाटत होती.

"मी नीट करतो ते," ते म्हणाले. "पण मध्ये काय आहे ते सांग तरी."

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? मोकळं रान आहे? का पाणी आहे नुसतं?"

"तुमचं हे असं," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. रविवारच्या दुपारी बोलायच्या तशाच बोलत होत्या. "काही नाही म्हणजे काही नाही. दिवसभर कानात लोक असतात. घरी आले की तुम्ही. किती लांब, किती उंच, उतार कुठे. सांगते मी, मला आवडतं सांगायला. पण एवढी एक जागा ठेवलीये मी, जिथे मला कोणी काही विचारत नाही."

"मीसुद्धा?"

"विचारलंतच ना पुन्हा," बाई म्हणाल्या आणि हसल्या. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. "राहू दे ती पांढरी."

नकाशेवाले तसेच उभे राहिले. शेवटी त्यांनी बॅग खाली ठेवली आणि बूट काढायला बसले. मान वर केली तेव्हा बाई त्यांच्याकडे बघत होत्या, अगदी सभ्यपणे. तुम्ही आमच्या ह्यांना भेटायला आलात का, असं त्यांनी विचारलं. बसा, येतीलच एवढ्यात.

दुसऱ्या दिवशीही ते बॅग घेऊन जिना चढले, तिसऱ्याही. बाईंनी दोन्ही वेळा नमस्कार केला आणि बसा म्हटलं.

एक तारखेला पाच दिवस उरले होते. नकाशेवाल्यांनी पंचविसावा कागद पुन्हा टेबलावर घेतला. कचेरीत चुकलेली रेघ खरवडायची एक पद्धत होती. अर्ध्या ब्लेडच्या कडेनं कागदाचा नुसता वरचा पापुद्रा काढायचा, रबरानं घासायचं, आणि चमच्याच्या पाठीनं घोटून पुन्हा गुळगुळीत करायचं. एखादी रेघ अशी पुसता येते. अख्खं चित्र पुसायला कोणी ब्लेड घेऊन बसलेलं त्यांनी तरी पाहिलं नव्हतं. ते बसले. खरवडता खरवडता त्यांच्या लक्षात येत गेलं की तो कागद पहिल्या दिवसापासून पुराच होता. बाईंनी तो सगळ्यात आधी बघून ठेवला होता. शेजारची झाडं म्हणून तर कुठेच वळलेली नव्हती. ती झाडं यांनी आपल्या हातानं काढली, आणि बायकोला तिच्या त्या एका शांत जागेच्या दारात उभं करून एकतीस वर्षं विचारत राहिले, आत काय आहे? शेवटच्या वर्षात तर चहाबरोबर, गोळ्यांबरोबर, रोज. त्यांचे डोळे भरून यायचे, मग ब्लेड बाजूला ठेवून थांबावं लागायचं. कागदावर पाणी पडून चालणार नव्हतं.

तळं गेलं. घर गेलं, खुर्च्या गेल्या. बाईची आकृती तिच्या दोन्ही सावल्यांसकट सहज निघाली. पुरुष निघेना. त्याच्यावर दोनदा शाई फिरली होती, ती कागदाच्या पोटात उतरली होती. चेहरा, खांदे गेले, पण बसलेल्या माणसाचा एक करडा डाग उरला आणि त्याच्या दोन फिकट सावल्या. आणखी एक हात चालवला असता तर भोक पडलं असतं. नकाशेवाल्यांनी कागद तसाच भिंतीवर लावला.

एक तारखेला सकाळी मुलगी आली. तिनं आईचे कपडे भरले, गोळ्यांचा डबा घेतला, आणि निघता निघता भिंतीसमोर थांबली. आईनं शेवटी सांगितलं का हो मध्ये काय आहे ते, असं तिनं विचारलं.

"सांगितलं," नकाशेवाले म्हणाले. "तो तसाच आहे."

मुलीनं कोऱ्या कागदाकडे बघितलं, मग वडिलांकडे बघितलं आणि कपड्यांची पिशवी उचलली. मावशींनी बाईंना स्वेटर चढवून बाहेर आणलं. भिंत दिसताच बाईंचं बोट वरच्या कोपऱ्यात गेलं. मुलगी घड्याळ बघत होती, पण तिनंही घाई केली नाही. बोट नदीबरोबर चाललं, खाली आलं, अठराव्या कागदाच्या कडेशी पोचलं आणि पंचविसाव्यात उतरलं. खरवडलेल्या जागेवर बोट थांबलं. त्या डागावरून ते एकदा फिरलं, परत फिरलं.

"कोणीतरी बसलंय इथे," बाई म्हणाल्या.

मुलीनं पुढे होऊन बघितलं, तिला खरवडल्याच्या खुणेपलीकडे काही दिसलं नाही. बाईंनी मान वाकवली आणि कागदाला कान लावला, एक्स्चेंजात लाइनवर कोणी आहे का बघायच्या तसा. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या.

"काही विचारत नाहीये," त्या म्हणाल्या. "असू दे."

मग त्या वळल्या आणि त्यांनी नकाशेवाल्यांकडे बघितलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं. त्या बघण्यात सभ्य गृहस्थ होता की 'अहो' होता, हे नकाशेवाल्यांना ठरवता येईना. विचारलं असतं तर कळलं असतं. एवढासा प्रश्न होता, दोन शब्दांचा, आणि तो त्यांच्या ओठांवर आला होता.

त्यांनी खाली वाकून बाईंच्या चपलेचा पट्टा नीट बसवला. त्यांचा हात धरून सावकाश एकेक पायरी उतरवत खाली नेलं. बाई मोटारीत बसल्या, स्वेटरची बाही दारात अडकत होती ती नकाशेवाल्यांनी आत सारली. मग दार लावलं आणि काही विचारलं नाही.